अंधारातला ग्लास

मृणालिनी स्वतःला भारी शिस्तीची समजायची. लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या घरात नवरा, सुयश, आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगा करत बसला, तेव्हा हिने स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या पुड्या फोडून एकसारख्या बरण्यांत भरल्या. वर नावं? ती कशाला, आपल्या डोक्यात आहेत की!

आणि आज कॉलेजच्या नोकरीसाठी ऑनलाइन नमुना-तास होता. सुयशमागोमाग इथे आल्यापासून ती घरीच होती. ही संधी गेली तर पुन्हा कोण विचारतंय?

प्रयोगशाळा बंद, म्हणून प्रयोग ओट्यावर. पालकाच्या पानाच्या टिकल्या कापायच्या, सिरिंजने आतली हवा काढायची, की त्या पाण्यात बुडतात. पाण्यात खायचा सोडा असला की पानातल्या हरितलवकांना कार्बन डायऑक्साइड मिळतो. उजेडात ती कामाला लागतात, प्राणवायू सोडतात आणि टिकल्या सावकाश वर येतात. अंधारात मात्र तळालाच राहतात.

एक ग्लास दिव्याखाली, दुसरा फॉइलमध्ये गुंडाळलेला. तिने दोन्हींत चमचाभर सोडा टाकला. दिव्याखाली फस्सकन फेस आला आणि टिकल्या बघता बघता वर!

"बघा, काय जोमाने काम करताहेत!" आमच्या मृणालिनीबाई बोलून गेल्या. स्क्रीनवरचे परीक्षकही खूश.

"आणि अंधारातला?" त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं.

तिने फॉइल जरासं उचलून आत डोकावलं. तिथेही सगळ्या टिकल्या वर! मघापासून येणारा लिंबाचा वास आता कुठे तिच्या डोक्यात शिरला. अरे देवा, ही सोड्याची बरणी नव्हेच, हे तर इनो! आपणच भरलेलं!

कॅमेऱ्याला आतलं काहीच दिसत नव्हतं. 'अपेक्षेप्रमाणे' एवढं म्हटलं की नोकरी खिशात. शब्द जिभेवर आलाही होता. मग तिने फॉइल ओढून काढलं.

"हा माझा गाढवपणा. हा नुसता सोडा नाही, आम्ही ढोकळ्यात घालतो ती पावडर आहे. हिच्यात आंबटही असतं, त्यामुळे फेस येतो आणि तोच टिकल्या उचलतो. हरितलवकांनी आज काडीचंही काम केलेलं नाही."

"कशावरून कळलं?"

"ह्या ग्लासावरून."

त्या वयस्कर बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, सगळ्यांनी आभार मानले आणि स्क्रीन काळी झाली. नोकरी गेली असं धरून तिने दोन्ही ग्लास सिंकमध्ये रिकामे केले.

आठवड्याने मेल आली. 'जानेवारीपासून रुजू व्हा. पहिल्या तासाला ती पावडर आणायला विसरू नका.'

मृणालिनी आधी पोटभर रडली. मग मुकाट्याने उठली आणि बरण्यांवर नावं चिकटवायला बसली.