टिल्डाच्या गळ्यातला तृणमणी

वाल्डेमारने पिवळा मणी लोकरीच्या बाहीवर खसाखसा घासला आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे टुणकन उडून मण्याला चिकटले. बंदरावरच्या मासळी लिलावाच्या जुन्या सभागृहात दीडशे माणसं होती. सगळ्यांच्या तोंडून एकदम "ओऽऽ" निघालं.

"पाहिलंत? मेलेला कागद उठतो! मग तुमची दुखरी कंबर का उठू नये?"

तृणमणी आमच्या जटलंडच्या किनाऱ्याला नवा नाही. वादळानंतर वाळूत तो सापडतोच. फार जुन्या झाडांची गोठलेली राळ. पण वाल्डेमार म्हणे त्यात 'समुद्राचा तोल' भरून आणायचा आणि औषध म्हणून विकायचा. कसा भरायचा, ते मात्र विचारायचं नाही.

त्याने कार्लोला बोलावलं. कार्लो होड्या बांधणारा, साठी उलटलेला, तरी बैलासारखा गडी. "एका पायावर उभा राहा. हात पसर." वाल्डेमारने पसरलेला हात दोन बोटांनी दाबला आणि कार्लो कलंडला. मग खिशात मणी टाकला. आता वाल्डेमार त्याच हाताला जवळजवळ लोंबकळला, तरी कार्लो हलला नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण काय चाललंय ते मलाही कळत नव्हतं, आणि न कळण्याने मी खुर्चीत नुसती चुळबुळत होते.

"आता एखादं लेकरू," वाल्डेमार म्हणाला, आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण सिसेल आपल्या टिल्डाला घेऊन उठली.

टिल्डा पाच वर्षांची. दोन महिने आधी जन्मलेली, उशिरा चालायला लागलेली. पाय फाकवून चालायची, वळताना पडायची. मी शिकवते त्याच बालवाडीत ती होती. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम आम्ही चार महिने रोज करत होतो: रुंद बाकावरून अनवाणी चालायचं, नजर समोरच्या एका खुणेवर ठेवायची, पडायचं ते गादीवर. मी तिचा हात ओढत नसे. कमरेला हलकेच धरायची, म्हणजे तोल तिचा तिला सापडायचा. काम कंटाळवाणं होतं. आज दोन पावलं जास्त, उद्या एक कमी. बघायला कुणी येत नसे.

वाल्डेमारने तिला पाय जुळवून उभं केलं. "वर बघ, राणी. छताच्या तुळया मोज." दुसऱ्या तुळईलाच ती डगमगली. त्याने तिला झेलली, गळ्यात मणी घातला. "मोजे काढ, मण्याला जमीन लागते. आरामात उभी राहा. आणि हा दुसरा मणी बघ, बघतच राहा." मणी त्याने बरोब्बर तिच्या नाकासमोर धरला. टिल्डा उभी राहिली. लोक मोजत होते. वीस झाले आणि सिसेल ओक्साबोक्शी रडायला लागली.

"आता व्यायाम बंद," वाल्डेमार हळुवारपणे म्हणाला. "मणी मानी असतो. त्याला दुसरा वाटेकरी चालत नाही."

सोमवारी सिसेल बालवाडीत आली ती सांगायलाच. "तो बाक, ती गादी, आता काही नको."

"अगं, थोडे दिवस दोन्ही चालू दे की."

"योहान्ने, चार महिन्यांत तुझ्याकडून जे झालं नाही, ते त्याने चार मिनिटांत केलं. तुला ते बोचतंय, होय ना?"

खरंच बोचत होतं. म्हणूनच मी गप्प बसले. माझा विरोध म्हणजे माझी असूया, असं मलाच वाटलं. ती गप्प बसण्याची चूक माझी.

तीन आठवड्यांनी टिल्डा बंदराच्या दगडी बांधावर चढली. आई खाली चार पावलांवर होती. "मला नको धरूस, माझा मणी आहे," असं म्हणत ती धावली. पाण्यात नाही, जमिनीच्या बाजूला पडली म्हणून वाचली. हनुवटीला पाच टाके पडले आणि डावं मनगट मोडलं.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सिसेल स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होती. खुर्चीवर बसायची, उठायची, पुन्हा खिडकीशी जायची.

"त्याला फोन केला होता. तो म्हणतो, माझ्या मनात शंका होती, म्हणून मणी रुसला. आता मोठा घ्यावा लागेल." तिने माझ्याकडे पाहिलं. "शंका होती गं माझ्या मनात. मीच पाडलं तिला."

टिल्डा टेबलाशी चित्र काढत बसली होती. तीच म्हणाली, "मोठा मणी चालेल. पण मला परत छताकडे बघायचं नाही."

"का गं?" मी विचारलं.

"वर बघितलं की मी पडतेच. तूच सांगतेस ना, समोर बघ. त्याने पहिल्यांदा वर बघायला लावलं. आणि मोजे पण निसरडे होते."

दीडशे मोठ्या माणसांना जे दिसलं नव्हतं, ते त्या पोरीने सहज सांगून टाकलं होतं. तिथून मी थेट कार्लोच्या शेडमध्ये गेले. अर्धा तास त्याला ढकलत राहिले, आणि कोडं सुटलं.

पुढच्या शनिवारी सभागृह पुन्हा भरलं. वाल्डेमारने मणी घासला, कपटे उडाले. मी उठले आणि माझा प्लास्टिकचा कंगवा स्वेटरवर घासून टेबलावर धरला. कपटे कंगव्यालाही चिकटले.

"कंगव्यातपण समुद्र आहे वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"बाई, शंकेखोर मनाला..."

"मनाचं नंतर. कार्लो, ये. वाल्डेमार, तुमचा सगळ्यात मोठा मणी द्या त्याला."

कार्लो मणी घेऊन एका पायावर उभा राहिला. मी दोन बोटं लावली. तो कलंडला. मग मी त्याच्या खिशात एक उकडलेला बटाटा घातला आणि त्याच हाताला लोंबकळले. कार्लो ढिम्म.

"तुमच्या शंकेने मणी रुसला!"

"आणि बटाटा माझ्यावर खूश झाला?"

लोक हसून थांबले तेव्हा मी सांगितलं. हात खाली दाबताना किंचित बाहेर ओढला, तर माणूस पडतो. तोच हात किंचित त्याच्या अंगाकडे दाबला, तर सगळा भार सरळ पायात उतरतो आणि माणूस आणखीच पक्का उभा राहतो. फरक दोन बोटांचा. लांबून दिसत नाही. मग मी त्यांना जोड्या करून एकमेकांना ढकलायला लावलं. पाच मिनिटांत सभागृहभर म्हातारे-कोतारे कलंडत आणि हसत होते.

वाल्डेमार पेटी आवरायला लागला. "आणि ती मुलगी? ती कशी उभी राहिली?"

मी उत्तर देणार, एवढ्यात सिसेल उठली. "पहिल्यांदा मोजे होते, पाय जुळवलेले, मान वर. दुसऱ्यांदा अनवाणी, पाय मोकळे, नजर समोर. ती स्वतःच्या मेहनतीने उभी राहिली होती, वाल्डेमार. चार महिन्यांच्या. आणि मी ती मेहनत तुमच्या खड्याच्या नावावर लिहून दिली." तिचा आवाज फाटला. "वर तिला शिकवलं की आपण पडणार नाही."

तरीही जाताना दोघांनी दाराशी त्याच्याकडून मणी घेतलेच. मी पाहिलं.

टिल्डाचं मनगट आता जुळलंय. बाक आणि गादी परत आलीत. कमरेला धरायला आता सिसेल असते. टिल्डा अजून पडते, बहुधा पुढेही पडेल. परवा बालवाडीचा जिना ती कठडा धरून, एका पायरीला एक पाय टाकत उतरली. तळाशी पोचल्यावर आमच्याकडे बघितलंही नाही, खेळायला पळाली.

कुणी तुमच्या लेकराला चमत्काराने उभं करून दाखवलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: मघाशी आणि आत्ता, या दोन वेळांमध्ये काय काय बदललं? बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त तो खडा काढून घ्या. मग पुन्हा करून बघा. आणि लेकरू उभं राहिलंच, तर आधी त्याच्या पायांकडे बघा.