आत्याची काळी पट्टी

"आत्या, सात वर्षं तू डिंकात काजळी कालवतेयस. आतापर्यंत काही चिकटलं का गं?"

प्रश्न माझा नव्हता. चष्मिस आणि बडबडी या माझ्या वर्गातल्या दोन जिवलग वैरिणी. मी हे आत्याच्या तोंडावर विचारूच शकणार नाही, अशी त्यांनी पैज लावली होती. गेल्या वर्षी नसतंच जमलं. पण वक्तृत्वाचा करंडक मिळाल्यापासून माझ्या जिभेला हाड राहिलं नाही, असं आई म्हणते. रविवारी दुपारी जेवताना मी एका दमात विचारून टाकलं.

बाबांना ठसका लागला. ते शिंपी आहेत, आणि धाकट्या बहिणीची फिरकी घ्यायचा हक्क फक्त आपला, अशी त्यांची समजूत आहे. आत्या मात्र शांतपणे पाणी प्यायली आणि म्हणाली, "नाही. निसटतंय. शनिवारी माझ्या लॅबमध्ये ये, डोळ्यांनी बघ."

भांडी आवरताना आईकडून कळलं की प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. महिनाभरात आत्याच्या संशोधनाला पैसे देणारी समिती येणार होती. आत्याची काजळी घातलेली पट्टी नुसत्या डिंकाच्या साध्या पट्टीपेक्षा मजबूत निघाली नाही तर काम बंद, आणि तिची खोली दुसऱ्या कुणाला. चष्मिस आणि बडबडीला मी फोन केलाच नाही. पैज जिंकूनही.

शनिवारी तिने मला मास्क, चष्मा आणि गुडघ्यापर्यंत येणारा पांढरा डगला चढवला. एका बाटलीत काळी पूड होती. मी जिला काजळी म्हटलं तीच, कार्बन नॅनोट्यूब. कार्बनच्या पोकळ नळ्या, इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो मावतील, आणि वजनाच्या मानाने पोलादाहून बळकट. त्या पॉलिमरमध्ये, म्हणजे घट्ट होऊन प्लास्टिकसारख्या बनणाऱ्या चिकट रसात (माझा डिंक तो हाच), मिसळायच्या आणि त्यापासून पवनचक्कीचं हलकं पण न मोडणारं पातं करायचं, असा सगळा बेत. पण या नळ्यांचा तोरा भारी. गुळगुळीत अंगाच्या, कुणाचा हात धरत नाहीत, आपापसात मात्र गुंता करून बसतात. ताण आला की पॉलिमरमधून सुळकन निसटतात. म्हणून आत्या त्यांना अ‍ॅसिडमध्ये उकळते. मग त्यांच्या अंगावर हुकासारखे बारीक आकडे फुटतात आणि पॉलिमर त्या आकड्यांना धरून राहतो.

"ते आकडे म्हणजे माझी सात वर्षं," ती म्हणाली.

या खेपेला तिने दुप्पट वेळ उकळलं होतं. आकडे दुप्पट, पकड दुप्पट, असा हिशोब. बोटभर लांबीची, कमरेत बारीक अशी काळी पट्टी तिने यंत्राच्या जबड्यांत अडकवली. यंत्र सावकाश खेचू लागलं. टक्. आत्याने पडद्यावरचं माप बघितलं आणि हातमोजे काढायला लागली, एकेक बोट सोडवत. साध्या पट्टीनेसुद्धा याहून जास्त ताण सोसला होता.

गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी भिंत वाचायला घेतली. तिथे मायक्रोस्कोपने काढलेले दोन फोटो होते, तुटलेल्या कडांचे. गेल्या महिन्याच्या पट्टीच्या कडेतून लांबच लांब नळ्या केसांसारख्या बाहेर आलेल्या. या खेपेची पहिली पट्टी कालच तुटली होती; तिच्या कडेवर नुसती खुंटं, बाबांच्या चार दिवसांच्या दाढीसारखी.

"आत्या, या निसटल्या नाहीत. तुटल्यात."

मग मी तिला बाबांचं सांगितलं. गिऱ्हाईक म्हणतं, शिवण अगदी घट्ट घाला. बाबा म्हणतात, टाके फार जवळ घातले तर सुईच्या भोकांनी कापड तिथेच फाटेल. तसंच आकडा फुटतो तेव्हा नळीच्या अंगाला भोक पडतं का, मी विचारलं.

आत्या हसायलाच लागली. पडतं म्हणे. प्रत्येक आकड्यापायी नळीची वीण एका जागी उसवते. हे तिने स्वतः दहा जणांना शिकवलंय. "माहीत होतं गं. हाव सुटली." आणि दादाला यातलं अवाक्षर सांगू नकोस, नाहीतर तो जन्मभर डोक्यावर बसेल, अशी तंबी.

आता उकळायची वेळ कमी करून बघायचं होतं. तिने फळ्यावर पाच वेगवेगळ्या वेळा लिहिल्या. प्रत्येक वेळेचा वेगळा घाणा. धुणं, वाळवणं, कालवणं, साच्यात ओतणं. हाताशी तीन आठवडे आणि माणूस एक. ती बोटांवर मोजायला लागली आणि तिसऱ्या घाण्यापाशी थांबली. मदतीला येशील का, असं तिने मला विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

घरी आले तेव्हा बाबा खडूने कापडावर रेघ ओढत होते. सुट्टीत काजं-बटणांचं काम माझ्याकडे, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. आई शेजारी जुनी शिवण उसवत बसली होती. मी दप्तर खाली ठेवलं.

"आई, बाबा, सुट्टीचे तीन आठवडे मी आत्याच्या लॅबमध्ये जाणार. अ‍ॅसिडला हात लावणार नाही. साचे घासेन, पट्ट्या मोजेन, नोंदी लिहीन. विचारत नाहीये, सांगतेय."