एक मिनिट पाच सेकंद

ज्या पानावर कोणी काहीच वाचत नाही, त्या पानावर माणसं करतात तरी काय, हा भुंगा सोमवारी सकाळी तिच्या डोक्यात शिरला आणि डबा खाऊन झाला तरी बाहेर पडायचं नाव घेईना.

खरं तर काम सरळ नाकासमोरचं होतं. सार्वजनिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर अकराशे चाळीस पानं साचली होती. शुक्रवारी नवी वेबसाइट सुरू व्हायची होती आणि तिकडे जुना पसारा न्यायचा नाही, असं ठरलं होतं. कोणतं पान ठेवायचं आणि कोणतं काढायचं, हे ठरवणं हे तिचं, म्हणजे संपादिकेचं काम. नियमही लिहून दिलेला होता: सहा वर्षांहून जुनं पान, वाचक खाली सरकत नाहीत, कशावर बोट ठेवत नाहीत, तर पान गेलं. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन तिला चारच महिने झाले होते. नियम पाळायला तिची काहीच हरकत नव्हती. काढायच्या पानांची यादी दोनशे अकरापर्यंत आली होती.

दोनशे बारावं पान होतं ‘बाळाचे श्वास मोजताना’. वर एक निळं वर्तुळ, हळूहळू भरत जाणारं. खाली सूचना, त्याखाली वयाप्रमाणे आकड्यांचा तक्ता. पान आठ वर्षं जुनं. खाली कोणी सरकत नव्हतं. बोट कोणी ठेवत नव्हतं. पण आठवड्याला चारशे वेळा ते उघडलं जात होतं आणि उघडणारी बहुतेक माणसं तिथे एक मिनिट पाच सेकंद थांबत होती.

“सरासरी असेल ती,” तिच्या समोरच्या टेबलावरचा तंत्रज्ञ म्हणाला. ऑफिसात त्याला सगळे जादूगार म्हणत. बंद पडलेलं काहीही तो नुसता शेजारी जाऊन उभा राहिला की सुरू होई.

“सरासरी नाहीये. बघ ना. कोणी दहा सेकंद, कोणी पाच मिनिटं, असं काहीच नाही. एक तर एक मिनिट पाच, नाहीतर एक मिनिट पंधरा. दोनच ढीग.”

त्याने कानावरचे हेडफोन खाली घेतले. म्हणजे गोष्ट त्याला आवडली होती. “एक मिनिट पाच सेकंदांत तर अंडंसुद्धा उकडत नाही, ताई.”

“यंत्रं उघडत असतील का?”

“यंत्रं एका सेकंदात पळतात. ही माणसंच आहेत. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात. रविवारी जवळजवळ नाहीत.”

“रविवारी नाहीत,” ती स्वतःशीच म्हणाली.

तिने पान स्वतः उघडून पाहिलं. वर्तुळ भरू लागलं. दहाव्या सेकंदाला कंटाळून ती खाली तक्त्याकडे गेली. मग तिला वाटलं, हे तर मी केलं, वाचणाऱ्या माणसाने. न वाचणारा काय करेल? पण तेवढ्यात विभागप्रमुख मॅडमचा निरोप आला की यादी गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवी. तिने दोनशे बारावं पान यादीत टाकलं. पुढे एक प्रश्नचिन्ह मात्र काढून ठेवलं.

मंगळवारी साडेअकराला पाळणाघरातून फोन आला. तो नंबर दिसला की ती हातातलं काम टाकून फोन उचले. बहुतेक वेळा टोपी कुठे ठेवलीय एवढंच विचारायचं असे.

“पिल्लूला सकाळपासून जरा धाप लागल्यासारखी वाटतेय,” पाळणाघर चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या. “बेचाळीस आले. येऊन जा.”

“बेचाळीस काय, ताप?”

“ताप बेचाळीस असता तर मी फोन केला असता का, उचलून दवाखान्यातच नेलं असतं. श्वास गं. ये तू.”

पाळणाघर दोन गल्ल्या पलीकडे. ती चालत निघाली आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत पळू लागली. पिल्लू चौदा महिन्यांचा. सकाळी नाक वाहत होतं, हे तिने पाहिलं होतं. पाहूनही आपण ऑफिसला आलो, हे ती पळता पळता स्वतःला तीनदा ऐकवून झाली.

आत सहा गाद्या, सहा पोरं. खिडकीजवळच्या गादीवर पिल्लू उताणा पडून स्वतःच्या पायाचा अंगठा बघत होता. सदरा वर सरकवलेला. मावशी शेजारी मांडी घालून बसल्या होत्या आणि पोराच्या पोटाजवळ गादीवर त्यांचा फोन उभा टेकवलेला होता. काच एका कोपऱ्यात तडकलेली.

“बोलू नकोस. पुन्हा मोजतेय,” मावशी ओठ न हलवता म्हणाल्या.

तिने फोनकडे पाहिलं. त्यावर एक निळं वर्तुळ हळूहळू भरत होतं.

खुळ्यासारखी ती उभीच राहिली. पोराची काळजी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी कोड्याचं उत्तर हातात आणून ठेवावं तसं काहीतरी. वर्तुळ पूर्ण भरलं. मावशींनी बोटाने फोन बंद केला.

“बेचाळीसच.”

“मावशी, हे तुम्हाला कोणी दाखवलं?”

“हे होय? लस द्यायला येतात ना, त्या नर्सबाईंनी. शिकवून ठेवलंय. पोर शांत असताना पोट वर-खाली झालं की एक. वर्तुळ भरेपर्यंत मोजायचं. गल्लीतल्या बाकीच्या पाळणाघरांनापण त्यांनीच शिकवलं.”

“आणि खालचा तक्ता?”

“खाली काही आहे का?” मावशींनी विचारलं आणि कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं होतं: दोन महिन्यांच्या आतलं साठ, वर्षाच्या आतलं पन्नास, वर्षावरचं चाळीस. “एवढे आले की आईबापांना फोन. मला तेवढं पुरतं.”

“पण भिंतीवर घड्याळ आहे की.”

“मग घड्याळाकडे बघू की पोटाकडे? हे पोटाशेजारी ठेवलं की एका नजरेत दोन्ही दिसतं. आणि आकडे नाहीत ना त्यात. आकडे दिसले की मी तेच मोजत बसते.” मग जरा थांबून, “का गं, तुमच्याच संस्थेचं आहे ना? वर चिन्ह तर तेच दिसतं, तुझ्या पिशवीवर असतं ते.”

“आमचंच आहे,” ती म्हणाली. हेच पान काल आपण काढायच्या यादीत टाकलं, हे तिला सांगवेना.

ती खाली बसली. पोराच्या छातीला कान लावला, श्वास घेताना बरगड्यांखाली खोल खळगा पडतो का पाहिलं, ओठ पाहिले. पिल्लूने तिचं नाक धरलं. मग काळजी करणाऱ्या माणसाला एकदा मोजून भागत नाही म्हणून तिने मनगटावरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून, मावशी म्हणाल्या तशी अर्धी इकडे अर्धी तिकडे कसरत करत, पूर्ण मिनिट मोजलं.

छत्तीस.

पुन्हा मोजलं. छत्तीस.

“म्हणजे मला मोजता येत नाही?” मावशींचा आवाज बदलला.

“तसं नाही. एक मिनिट,” ती म्हणाली आणि स्वतःचाच शब्द ऐकून थबकली. एक मिनिट पाच. एक मिनिट पंधरा. दोन ढीग. “मावशी, तुमचं वर्तुळ लावा. आपण घड्याळ लावून बघू.”

दोघी भिंतीवरच्या घड्याळाखाली फोन धरून उभ्या राहिल्या. काटा एक फेरा पूर्ण करून पुढे गेला, वर्तुळ अजून भरतच होतं. ते भरलं तेव्हा काटा दोनवर होता. सत्तर सेकंद. मग तिने आपल्या फोनवर तेच पान उघडलं. साठ.

मावशी गादीच्या कडेवर टेकल्या. “गेल्या महिन्यात जुळ्यांच्या बापाला दोनदा बोलावलं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, काही नाही. तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. म्हणाला, मावशी, तुमचे बेचाळीस तुमच्याजवळच ठेवा. मी म्हटलं ठेवते. पण उद्या खरंच पन्नास आले आणि तो असाच आला नाही, तर?”

पिल्लूला घेऊन ती डॉक्टरांकडे जाऊन आली, आकडा कमी निघाला तरी. साधी सर्दी. तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा त्या कपाटाच्या दाराशी अडकून राहिला होता.

बुधवारी सकाळी तिने सगळं जादूगारासमोर मांडलं. त्याने वर्तुळाचं पोट उघडून पाहिलं आणि हसला.

“हे घड्याळाकडे बघतच नाही, ताई. साठ चित्रं एकामागून एक लावलीत. एक आलं की दुसरं. नव्या फोनवर सेकंदाला एक येतं. जुना फोन दरवेळी थोडा रेंगाळतो. करणाऱ्याने ऑफिसातल्या चांगल्या कॉम्प्युटरवर तपासलं असणार.”

“आणि आठ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही?”

“कोण तपासणार? मजकूर तुम्ही तपासता. मजकुरात काही चूक नाही.”

हे तिला टोचलं, कारण खरं होतं. दीड वर्षापूर्वी, रजेवर जायच्या आधी, हे पान तिनेच तपासून ‘योग्य’ असा शिक्का मारला होता. तक्ता तिने तीनदा ताडून पाहिला होता. वर्तुळ भरताना एकदाही शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकून घेतलं. नव्या वेबसाइटवर हलणारं काही ठेवायचं नाही, हा त्यांचाच निर्णय होता.

“म्हणजे आपले सर्वांत इमानी वाचक एक शब्दही वाचत नाहीत,” त्या म्हणाल्या.

“ते वाचत नाहीत, मॅडम, वापरतात. आणि पान काढलं तर ते जुन्या अंदाजाने मोजतील. अर्धंच मिनिट मोजून दुप्पट करतील. शिवाय आकडा आधी का जास्त येत होता, ते त्यांना कधीच कळणार नाही.”

“चूक सावध बाजूला झालीय, हे तरी बरं. पोर उगीच डॉक्टरकडे गेलं, एवढंच ना?”

“एवढंच नाही. फोन करणाऱ्या बाईवरचा विश्वास गेलाय.” तिने लिहून आणलेली चिठ्ठी पुढे सरकवली. वर्तुळाच्या वर, खाली न सरकता दिसेल अशा जागी घालायची होती: ‘काही जुन्या फोनवर हे वर्तुळ भरायला दहा सेकंद जास्त लागत होते, त्यामुळे श्वासांचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा येत होता. आता दुरुस्त केलं आहे. चूक आमची होती, मोजणाऱ्यांची नव्हती.’

मॅडमनी पेन उचललं आणि शेवटच्या वाक्यावर रेघ मारली. “संस्था असं बोलत नाही.”

वरिष्ठांशी वाद घालायची तिची जात नव्हती. “मॅडम, पहिली दोन वाक्यं आपल्यासाठी आहेत. तिसरं त्यांच्यासाठी. ते नसेल तर मावशी हा कागद दारावर लावून काय करणार? वाचणारा म्हणेल, बघा, मावशींचं चुकतच होतं.”

“दारावर लावणार आहेत?”

“मी विचारलं नाही अजून. पण मी असते तर लावला असता.”

मॅडमनी मग भलताच प्रश्न विचारला. “बाकीचे कोण असतील गं? चारशे वेळा म्हणजे ही एकच बाई नाही.”

“गल्लीतली पाळणाघरं असतील. नर्सबाई असतील. बाकीचे मला माहीत नाहीत.”

“शोधून काढ,” मॅडम म्हणाल्या. रेघेखाली त्यांनी बारीक टिंबं दिली. मारलेलं वाक्य तसंच ठेवायचं असलं की छपाईत देतात ती. “आणि पान त्या यादीतून काढ.”

जादूगाराने वर्तुळाला फोनच्या घड्याळाकडे बघायला शिकवलं. मग तिने ऑफिसभर फिरून सगळ्यांच्या घरातले जुने, तडकलेले, अडगळीत टाकलेले फोन मागवले. गुरुवारी टेबलावर नऊ फोन मांडून एकाच वेळी नऊ वर्तुळं लावली. नऊही साठाव्या सेकंदाला थांबली. शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे ते बघायला जमले होते आणि पूर्ण मिनिटभर सगळे मनातल्या मनात आकडे मोजत होते.

शुक्रवारी संध्याकाळी ती कागद घेऊन पाळणाघरात गेली. मावशींनी तो दोनदा वाचला, शेवटच्या ओळीशी बोट ठेवून. “हे तू लिहिलंस?”

“आम्ही लिहिलं.”

“हं,” म्हणत त्यांनी चिकटपट्टी शोधली. कागद दाराला लावला, चपला काढताना नजर जाईल तेवढ्या उंचीवर. जुळ्यांचा बाप पोरांना न्यायला आला तेव्हा एक चप्पल पायात, एक हातात असा तो सबंध वाचत उभा राहिला. निघताना म्हणाला, “मावशी, माझा नंबर बदललाय. नवा लिहून घ्या.”

पुढच्या मंगळवारी, साडेदहाला, तिने आकडे उघडले. आता एकच ढीग होता: एक मिनिट पाच सेकंद. कोपऱ्यात एक ओळ होती, तिकडे तिने आधी कधी लक्षच दिलं नव्हतं: ‘आत्ता पानावर: ३’. कोण तिघं? आणखी कोणी मावशी, एखादी नर्स, एखादी आई, जिचं पोर शांत पडून स्वतःचा अंगठा बघतंय? ती बघत राहिली. तिनाचे दोन झाले, दोनाचे चार. प्रत्येक आकड्यामागे कुठेतरी एक सदरा वर सरकवलेला होता.

पिल्लूला आजही थोडी सर्दी होती. तिने फोन टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवला. आकडा पाच झाला, चार झाला. फोन वाजला नाही. तिने काढून टाकलेल्या पानांच्या यादीतलं दोनशे तेरावं पान पुन्हा उघडलं आणि या वेळी खाली सरकायची घाई केली नाही.