नवसाबाईची बचत

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या अक्षरानेच घातला.

निफाडजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी, सुवर्णा, सुपरवायझर होते. हाताखाली चाळीस बाया. त्यांच्या हातात कात्र्या आणि माझ्या हातात दंडाच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक. घडात बारीक मणी राहिले, दंड वीस रुपये. उशिरा आली, दंड वीस. चिठ्ठीवर बाईचं नाव, तारीख, कारण आणि खाली माझी सही. एक प्रत बाईला, एक मालकांच्या फायलीला. मालकांना सगळे गोरक्षआबा म्हणायचे. बाकी कुठे मी घाई केली असेल, पण चिठ्ठी लिहिताना कधी नाही. वेलांटी कशी गोल यायला पाहिजे.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या नवसाबाईच्या. ती पेठकडची. दर हंगामात बारकू मुकादमाच्या टोळीतून यायची. बारीक मणी कापून टाकायला तिचा हातच धजायचा नाही.

"चांगला गोड मणी हाय, कशाला टाकायचा?" ती विचारायची.

"परदेशातल्या लोकांना सगळे मणी एका मापाचे लागतात, नवसाबाई. तुझी दया त्यांना नकोय," असं म्हणून मी टरकन चिठ्ठी फाडायची.

बाकीच्या बाया चिठ्ठी मिळाली की तोंड वाकडं करायच्या, माझी पाठ वळली की बोळा करून फेकायच्या. ही मात्र दोन्ही हातांनी घ्यायची, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि वर माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायचं, बया मला खिजवतेय. मग पुढच्या घडाला मी आणखी बारकाईने बघायची.

फेब्रुवारीत एका सकाळी तिचा उजवा हात पेट्या पुढे नेणाऱ्या पट्ट्याच्या साखळीत गेला. साखळीवरचं झाकण महिनाभर निघालेलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दोन बोटं गेली. बारकूने तिला टेम्पोत घालून नाशिकला नेलं. पट्टा धुतला आणि अर्ध्या तासात पुन्हा सुरू झाला. तिची डब्याची पिशवी मीच टोळीतल्या एका बाईकडे दिली.

कामावर हात गेला तर मालकाने भरपाई द्यायची, असा कायदा आहे. पण त्यासाठी ती मालकाची कामगार असायला हवी. आणि आमच्या हजेरीत नुसतं लिहिलेलं असायचं, 'बारकू आणि चौदा'. त्या चौदांना नावं नव्हती. आबांनी तेवढंच धरून ठेवलं. ही बाई आमची नाहीच म्हणाले. चिठ्ठ्यांची फाईल तोपर्यंत रद्दीत गेली होती. बारकूलाही पुढच्या हंगामाचं काम हवं होतं, तो आपला गप्प बसला.

नवसाबाईचा दावा रूपालीताईंनी घेतला. त्या नाशिकच्या गंगापूर रोडला बसणाऱ्या वकील. त्या मला भेटायला आल्या, तर मी घरात असून नाही म्हणून सांगितलं. आबा आले तेव्हा मात्र चहा केला.

"तू एवढंच सांग, ती टोळीतल्या बहिणीला भेटायला आली होती," आबा म्हणाले.

मी हो म्हटलं. नोकरी हवी होती, आता खोटं कशाला बोलू.

कोर्टात ते खोटं मी शपथेवर बोलले. नवसाबाई समोरच बाकावर बसली होती, उजवा हात पदराखाली. मला बघून हसली. तेच हसू. मी खिडकीकडे बघितलं.

मग रूपालीताईंनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत चिठ्ठ्या, नवसाबाईच्या, दोन हंगामांच्या, एक न एक जपून ठेवलेली. आबांचे वकील उठले आणि म्हणाले, "साहेब, हे कुणीही खरडलेले कागद आहेत."

खरडलेले म्हणे. माणसाने काही म्हणावं, पण खरडलेले म्हणू नये. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस तीन वर्षं दुसऱ्या कुणाला मिळू दिलं नव्हतं मी.

"अक्षर ओळखता का?" न्यायाधीशबाईंनी मला विचारलं.

"खरडलेलं नाहीये ते," मी म्हणाले, "माझं आहे."

म्हटलं आणि जीभ चावली. आबांनी डोळे मिटून घेतले.

"पाहुणी म्हणून आलेल्या बाईला तुम्ही दंड लावता?" रूपालीताईंनी विचारलं.

कोपऱ्यातला कारकून खुदकन हसला. मग त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि मोठ्याने वाचायला सांगितली. तारीख अपघाताची होती. ती मी त्याच दिवशी लिहून तिच्या डब्याच्या पिशवीत टाकली होती, कारण नियम म्हणजे नियम. 'अकरा वाजून दहा मिनिटांनी काम अर्धवट टाकून निघून गेली. दंड पन्नास रुपये.' त्यातली प्रत्येक वेलांटी गोल होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. नवसाबाईला म्हणाल्या, "दंडाच्या चिठ्ठ्या इतक्या जपून का ठेवल्यात, बाई?"

"दंड नाय, बचत हाय ती," नवसाबाई म्हणाली. "आमच्या गावात बचत गटात पैसं भरलं की अशीच चिठ्ठी देत्यात. मॅडम माझं वीस-वीस रुपये काढून ठेवायची. बाकीच्या बायांपेक्षा माझं जास्ती. जीव हाय तिचा माझ्यावर."

"तुमच्या वकिलांनी सांगितलं नाही, हा दंड आहे म्हणून?"

"सांगितलं की. पण मला वाचता येत नसलं तरी दिसतं ना. दंड असता तर एवढं निगुतीनं, एवढं सुरेख कशाला लिहिलं असतं तिनं?"

यावर कुणीच हसलं नाही. कारकूनसुद्धा.

ती पॅकहाउसचीच कामगार, हे त्याच दिवशी ठरलं. आबांच्या वकिलांनी आणखी वाद घातला नाही, भरपाई भरायला मुदत मागितली. माझ्या नोकरीचं काय होणार ते आबांनी जिन्यातच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

बाहेर आले तर नवसाबाई रिक्षाची वाट बघत उभी. मी दुसऱ्या फाटकाने निघणार होते, पण तिने डाव्या हाताने माझी बाही धरली.

"मॅडम, एक विचारू? ती शेवटची चिठ्ठी पन्नासाची ना?"

"हो."

"नेहमी तू वीस ठेवायची. त्या दिवशी तर माझं निम्मंच काम झालं होतं, तरी पन्नास ठेवलंस." ती जरा थांबली. "माझी बोटं गेली म्हणून ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. मग पर्स उघडली आणि त्यात पन्नासाची नोट शोधत राहिले.