पाच मिनिटांत आलोच

भाजीवालीला बाजार कमिटीवर घेतलं तेच मुळी ती तोंड उघडणार नाही म्हणून. बाजारात बसणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका, आणि कमिटीत बाई एक, तीही अध्यक्षांची सख्खी वहिनी! म्हणजे घरचाच मामला. सभेला यायचं, खुर्चीत बसायचं, दाखवतील तिथे सही ठोकायची.

आज विषय होता बायकांची रांग. ती पुढच्या गेटवरून उठवून मागे कचराकुंडीशेजारी न्यायची, आणि मोकळ्या जागेत गाड्या लावायच्या. मागे काळं कुत्रं तरी फिरकलं असतं का भाजी घ्यायला? तिच्या घरची चूल त्या गेटवरच्या जागेवर पेटत होती, सासूबाईंच्या वेळेपासून.

तिने बोलायला तोंड उघडलं, तोच दीर उठला. "जरा ब्रेक घेऊ, वहिनी. पाच मिनिटांत आलोच." त्याच्यामागे भांडीवाला, कापडवाला, किराणावाला, सगळे निघाले. दर वेळी हेच! मुद्द्याचं बोलणं निघालं की या लोकांना नेमकी लागते, आणि परत येतात ते ठरवूनच. काय ठरवलं, कोणी ठरवलं, विचारायची सोय नाही.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली, बोळ ओलांडला आणि पुरुषांच्या मुतारीचं दार ढकलून सरळ आत शिरली.

बेसिनपाशी सिगारेट ओढणारा दीर ठसकलाच. भांडीवाला भिंतीकडे तोंड करून होता तसाच राहिला.

"अहो वहिनी! काही लाजलज्जा?" दीर ओरडला.

"आहे ना. तिच्यापायीच इतकी वर्षं तिकडे खुर्ची उबवत बसले. बोला आता. रांग मागे न्यायची, असं कोण म्हणतं?"



"मी नाही," कापडवाला पुटपुटला. त्याची आई तिच्या शेजारीच लिंबं विकायला बसायची. "बाकीचे म्हणाले म्हणून..."

"बाकीचे म्हणजे कोण?"

किराणावाल्याने भांडीवाल्याकडे पाहिलं. भांडीवाल्याने पँटची चेन ओढत अध्यक्षांकडे पाहिलं.

"भावजी, तुम्ही?" तिचा आवाज चढला. "त्याच गेटवर पालेभाजी विकून सासूबाईंनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं. म्हणा माझ्या तोंडावर, ही रांग उठवा म्हणून! म्हणा ना!"

दिराची मान खाली गेली. "मी तरी कुठं म्हणतोय..."

म्हणजे कोणीच म्हणत नव्हतं! कोणाच्याच तोंडचा नसलेला निर्णय बायकांच्या पोटावर पाय देणार होता, आणि या मेल्यांना तो घ्यायला असली घाण जागा लागत होती.

"मग रांग जागची हलणार नाही," ती म्हणाली. "बायका गेटवर खोळंबल्यात. त्यांना हे तुम्हीच सांगायचं, भावजी, माझ्यादेखत. आधी हात धुवा."