दुसरा पेशंट

डॉक्टरणीने बाळाचा थरथरणारा हात आपल्या मुठीत धरला. नुसती थरथर असती तर धरल्यावर थांबली असती. हा हात थांबेना. मुठीच्या आतही तो ठेक्यात झटके देत राहिला, आणि बाळाचे डोळे एका कोपऱ्यात जाऊन खिळले.

“फिटच आहे, सिस्टर. ऑक्सिजन लावा, साखर बघा.”

बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं. आजी त्याला छातीशी कवटाळून धावत आली होती. तिची लेक, बाळाची आई, मागून भिंतीचा आधार घेत आली.

“ताप होता? कुठे पडलं? दूध अंगावरचंच?” विचारता विचारता डॉक्टरणीची बोटं टाळू चाचपत होती. टाळू मऊ होती, फुगलेली नव्हती.

“ताप नाही, पडणं नाही! दूध लेकीचंच. सकाळी पोटभर प्यायलं हो,” आजी एका दमात म्हणाली.

साखर ठीक निघाली. झटक्यांचं औषध गेलं, हात सैल पडला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, तोच पाय उडू लागला. इथली ही तिची पहिलीच एकटीची पाळी. तेवढ्यात रक्त तपासणाऱ्या मशीनने कागद बाहेर टाकला. तिने झरझर आकडे वाचले.

“कॅल्शियम! सिस्टर, कॅल्शियम पार तळाला गेलंय!”

आपण ओरडलो हे तिला नंतर कळलं. सिस्टर शिरेतून थेंबाथेंबाने कॅल्शियम सोडू लागल्या. डॉक्टरणीने पडद्यावरच्या हृदयाच्या ठोक्यांवर नजर रोखली. पाय मंदावला. थांबला. बाळाचे डोळे सरळ झाले. थोड्या वेळाने ते किरकिरलं आणि मग त्याने असं भोकाड पसरलं, की शेजारच्या खाटेवरचे पाय मोडलेले काका म्हणाले, “वा रे पठ्ठ्या!”

आजी रडता रडता हसली. डॉक्टरणीला तर नाचावंसं वाटत होतं. पण एवढ्याशा जिवाचं कॅल्शियम गेलं कुठे? ती वळली. बाळाची आई अजून भिंतीला टेकूनच उभी होती.

“तुम्ही काम काय करता?”

“शिवणकाम करते ती, तळघरात—”

“आजी, त्यांना सांगू द्या.”

लेकीने घसा खाकरला. “उजाडायच्या आत जायचं, अंधारात यायचं. नववा लागेपर्यंत जात होते.”

“पाय दुखतात?”

“मांड्या. कंबर. जिना चढवत नाही. पुष्कळ दिवस झाले.”

“लहानपणापासून नाजूकच आमची,” आजी लाडाने म्हणाली.

“नाजूक नाहीत त्या. अंगाला ऊनच लागलेलं नाही. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही. ते त्यांच्यातच कमी असेल, तर बाळाला कुठून मिळणार? त्यात त्यांची काही चूक नाही. औषधाने भरून येईल, दोघांचंही.”

“माझं बघू नंतर,” लेक घाईने म्हणाली. “पेशंट तो आहे.”

“दोन पेशंट आहेत.” डॉक्टरणीने स्टूल पुढे ओढलं आणि तिच्या दंडाला पट्टा बांधला.

सुई टोचली तसं लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“फार दुखतंय का?” सिस्टरांनी विचारलं.

उत्तर द्यायला आजीने तोंड उघडलं. मग ते मिटून ती लेकीच्या उत्तराची वाट बघत राहिली.