दहा टन पाणी

कॅप्टन गाउटे रिमस्टा आणि ओद्रुन क्वालविक यांचं पहिल्या दिवसापासून फाटलेलं. पाणबुडीचं वजन सांभाळणं ओद्रुनचं काम. टाक्यांत किती पाणी घ्यायचं, किती काढायचं, ते ती बघायची. पाणबुडीचं नाक वरखाली करायची दांडी माझ्या हातात. त्यामुळे दोघांची भांडणं माझ्या डोक्यावरून चालायची.

मे महिन्यात सरावासाठी फ्योर्डमध्ये, डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या खोल खाडीत, शिरलो. डोंगरावरचं बर्फ वितळून वर गोड्या पाण्याचा थर साचला होता. बुडी मारली, तर वीस मीटरवर पाणबुडी अडलीच. खालचं खारं, जड पाणी तिला उचलून धरत होतं. सरावातल्या शत्रूची जहाजं जवळ आली होती.

"दहा टन पाणी घे," रिमस्टा म्हणाला.

"पाच पुरेत. खोलवर दाबानं पाणबुडी आकसते, मग पाणी तिला कमी तोलतं. दहा घेतले तर थांबणार नाही ती."

"कोळ्याची पोर ना तू? आणि पाण्याला भितेस? दहा म्हटलं ना!"

तिनं दहा घेतले. थर फोडून पाणबुडी सुटली ती सुटलीच. मी दांडी पार ओढून धरली, काही उपयोग नाही. शंभर मीटर. दीडशे. पंप लावला, पण तेवढ्या खोलीत त्याचा जोर पुरेना. लोखंड करकरू लागलं.

"मोठ्या टाक्यांत हवा सोडते," ओद्रुन म्हणाली.

"खबरदार! वर गेलो तर दिसू!"

"एकशे ऐंशी!" मी ओरडलो. आमची मर्यादा दोनशेची.

तिनं रिमस्टाला खांद्यानं ढकललं आणि चाक फिरवलं. दाबून भरलेली हवा टाक्यांत घुसली, पाणी बाहेर रेटलं गेलं. एकशे त्र्याण्णववर काटा थांबला, मग मागे फिरला. भर दुपारी आम्ही शत्रूच्या जहाजासमोर उसळून वर आलो.

"चव्हाट्यावर आणलीस माझी पाणबुडी!"

"वर तरी आणली."

चौकशीआधी रिमस्टानं मला गाठलं. "ती घाबरली, एवढंच सांग, योस्टाइन. तुझ्या बढतीचा कागद माझ्याकडेच आहे."

मी झालं ते सगळं सांगितलं. रिमस्टाकडून पाणबुडी काढून घेतली गेली.

बाहेर ओद्रुन भेटली. मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"मी पाच म्हणाले, तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?" ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.